शेंडीची कवड

१६ ऑगस्ट १९९५
आज बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला नवी मुलगी. कांचन. हिंगणघाटची, घरचं किराणा दुकान, आमच्याच कॉलेजात बी.ए. प्रथमला. उंची अशी की सरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि परत घालायची विसरले. आधी कबड्डी खेळायची म्हणे. बॉल दोन्ही हातांनी आपटते, धुणं आपटल्यासारखा. तरी सर म्हणतात, "येईल येईल. उंची थोडीच शिकवता येते!" माझ्याकडे बघून नाही म्हणाले, पण मी शेजारीच उभी होते. अकरावीपासून या सिमेंटवर गुडघे फोडून घेतेय. उंची वाढली नाही त्यात माझा काय दोष?

४ सप्टेंबर
कां. रोज एसटीनं येते आणि डबाभर काहीतरी आणते. आज चिवडा. सगळ्या तिच्याभोवती गोळा. "नंदाताई, घ्या नं. आईनं तुमच्यासाठी येगळा बांधून देला." म्हटलं, पोट बरं नाही. म.ताईनं मात्र दोनदा मागून घेतला. मंगलाताई, आमची कॅप्टन, एम.ए.ला आहे, कोणाच्या ग्लासातलं पाणी पीत नाही ती! घरी येईस्तोवर भुकेनं जीव चालला होता.

२८ सप्टेंबर
विद्यापीठाच्या संघात आमच्या कॉलेजच्या तिघी. म.ताई कॅप्टन, मी, आणि हो, कां.सुद्धा. शिबिर यंदाही वर्ध्यालाच, आमच्या मैदानावर, आणि कोचही आमचेच सर. आई म्हणाली, "आत्ता त आली ते पोरगी, न निवडली बी?" आईला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण विचारलं बरोबर.

म.ताईचं हे शेवटचं वर्ष. पुढची कॅप्टन कोण हे आमच्याकडे बोलून ठरत नाही. स्पर्धेहून परतताना गाडी केळझरला थांबते. टेकडीवर गणपतीपुढे कॅप्टन स्वतः नारळ फोडते. एक कवड प्रसादाची, सगळ्यांची. शेंडीची कवड जिच्या हातात देते ती पुढची कॅप्टन. कोणी एक शब्द बोलायचा नाही. तिनं ती घरी न्यायची, देवापाशी ठेवायची. नंतर सर फळ्यावर नाव लिहितात ते तिचंच. म.ताईला आशाताईनं दिली तेव्हा मी तिथंच होते, अंगावर काटा आला होता.

यंदा ती माझी. दुसरं आहे कोण? देवाऱ्यात बाळकृष्णाला जरा सरकवून जागा केलीय. आईनं विचारलं तर धूळ पुसत होते म्हणून सांगेन.

भोपाळ, २३ नोव्हेंबर
जिंकलो! तिसरा नंबर. आमच्या विद्यापीठाच्या मुली आजवर पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळायच्या.

शेवटची बास्केट कां.ची. पास माझा. दोघी अंगावर आल्या होत्या, त्यांच्या मधून, पाठीमागून, न बघता टाकला. ती रिंगखाली नुसती उभी होती. उडीसुद्धा मारावी लागली नाही बाईला. सगळ्यांनी तिला उचललं. माझ्या पाठीवर कोणाची तरी थाप पडली, ती पण बहुतेक गर्दीत लागलेला धक्का असावा.

जळतेय मी. लिहून टाकलं. लिहिलं की बरं वाटतं म्हणतात, मला तर काही

वर्धा, २५ नोव्हेंबर
नागपूरहून मॅटॅडोरमध्ये कांचन, कांचन, कांचन. सरांनी ड्रायव्हरलासुद्धा ती बास्केट सांगितली. पास वगळून.

केळझर आलं. मी म्हटलं, पाय मुरगळलाय, मला पायऱ्या चढवणार नाहीत. पाय ठणठणीत होता. वाटलं म.ताई म्हणेल, नंदे, तुझ्याशिवाय नारळ कसा फोडू? ती म्हणाली, "बरं, बस मंग. आलोच आमी." बसले. राग इतका आला की मधेच उतरून समोरच्या बाईकडून पेरू घेतला आणि तिखट-मीठ लावून खाल्ला. मनात म्हटलं, कवड खाली आणून देईल. पद्धत ती पद्धत.

सगळ्या खाली आल्या. पुढे कां., ओंजळीत खोबऱ्याचे तुकडे. "नंदाताई, घ्या परसाद." घेतला, खाल्ला. गोड होता. मग तिच्या दुसऱ्या हातातली करवंटी पाहिली. करवंटीला शेंडी.

म.ताईनं शेंडीची कवड हिला दिली. आणि हिला काही माहीत नाही, हिनं ती पायरीवर आपटून खोबरं मोकळं केलं आणि वाटून टाकलं! सरांनी खाल्लं, बाकीच्या मुलींनी खाल्लं, ड्रायव्हरनं खाल्लं. मीपण माझी कॅप्टनशिप चावून चावून खाल्ली.

वर्ध्यापर्यंत म.ताई खिडकीबाहेर बघत होती.

२७ नोव्हेंबर
कां. घरी आली. तिला कोणीतरी सांगितलं असणार. रडली. "मले कोनी सांगतलंच नाई ताई. हातात आलं त वाटून टाकलं. आमच्या घरी परसाद ठेवत नाईत." मी म्हटलं, ठीक आहे, होतं असं. आईनं तिला चहा दिला, वर शेव. ती गेल्यावर म्हणते, "गुनाची हाय वं पोरगी." आहेच. त्याचाच राग येतो. जरा खडूस असती तर मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या.

बाळकृष्ण परत जागेवर सरकवला.

वडनेर, १२ मे १९९६
म.ताईचं लग्न. मांडवात ऊन मी म्हणत होतं. ती मेंदी वाळवत एकटी बसली होती तेव्हा गाठलं. इतके महिने घशात अडकलेलं विचारून टाकलं, "ताई, कवड तिलेच काऊन देली?"

"कोनाले देऊ मंग? नारळ फोडला, मागं पाह्यलं, तू नाई. पुजारी म्हने आटपा, मागं लोक हायेत. जवळ उभी होती तिच्या हातात देली."

"खाली आणून देली असती."

तिनं मेंदीवर फुंकर मारली. "पेरू गोड होता का?"

मग तीच म्हणाली, "वरून सगळं दिसते, नंदे. गाडी बी दिसते, पेरूवाली बी." तेवढ्यात तिच्या मावश्या आल्या. म्हणजे मी तुरुतुरु चालत गेले ते तिनं पाहिलं. नारळ फोडायच्या आधी की नंतर? ते विचारायचं राहिलं. जेवले नाही. मठ्ठा तेवढा घेतला.

२ जुलै १९९६
फळ्यावर नाव. कॅप्टन कां., उपकॅप्टन मी. सर म्हणतात, "नंदा, तू तिला सांभाळून घे." घेते की. दुसरं काय करतेय?

८ डिसेंबर १९९६
यंदा दुसऱ्या फेरीत हरलो. तरी केळझर. मी सगळ्यांच्या आधी वर पोचले आणि कां.च्या अगदी उजव्या हाताशी उभी राहिले. तिनं नारळ फोडला. शेंडीची कवड हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला होता. खरंच केला होता.

आणि तिनं ती पायरीवर आपटली. "मागच्या साली चुकून झालं. यंदा समजून करून राह्यली. एकीलेच काऊन द्याव? खेळतो त सगळ्याच." पोरींनी टाळ्या वाजवल्या. पहिला तुकडा मला, तोही मोठा. हात पुढे होताच, त्यावरच ठेवला.

खाल्ला नाही. रुमालात बांधून आणला, टेबलावर ठेवला. आता मुंग्या लागल्यात.

३ जुलै १९९७
सर म्हणाले, कवड कोणाच्याच नावानं निघाली नाही, मग कांचनच राहू दे. मी सांगितलं, एम.ए.चा अभ्यास आहे, यंदा खेळणार नाही. सर "बरं" म्हणाले. इतकं पटकन म्हणाले.

हिंगणघाट, ९ डिसेंबर २००७
किती वर्षांनी ही वही. नोकरी नेमकी कां.च्या गावात लागली, शाळेत खेळाची बाई. हिच्या बापाच्या दुकानावरून रोज जाते, साखर दुसरीकडून आणते.

यंदा विद्यापीठानं मुलींच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून पाठवलं. परतताना मुलींनीच गाडी केळझरला थांबवली. नारळ फोडला, शेंडीची कवड पायरीवर आपटली आणि वाटली. मी बघतच राहिले. एक म्हणाली, "मॅडम, शेंडीचं सगळ्याइनं खाचं असते. आपल्या टीमची जुनी पद्धत हाये." दुसरी म्हणाली, "कोनं सुरू केली असन मॅडम?"

मला माहीत होतं. "असेल कोणीतरी," म्हटलं.

एका बावळट चुकीची पद्धत झाली. मी इतकी वर्षं नीट खेळले, त्याचं काय झालं?

१९ डिसेंबर
सर रिटायर झालेत, पण हौस तीच. जुन्या खेळाडूंचा मेळावा घेतायत, संघाचा इतिहास मी लिहायचा. लिहिला. कां.ची दोन वर्षं एका ओळीत बसवली, भोपाळच्या पासला अख्खा परिच्छेद. फोनवर वाचून दाखवला. सर म्हणाले, "छान, छान. पण हा पास कोणता गं?"

२८ डिसेंबर
कां.चा फोन, अकोल्याहून. तिथं दिलीय तिला. आवाज तसाच. "नंदाताई, इतिहास तुमी लिवून राह्यल्या म्हने. भोपाळचा पास लिवला का नाई? मी पोरीले नेहमी सांगते, मी त नुसती उभी होती, बॉल कुठून आला तेबी समजलं नाई. असा पास म्या मंग कधी पाह्यलाच नाई."

मी म्हटलं, आठवत नाही मला फारसं.

फोन ठेवल्यावर संतापानं रडायला आलं. त्या पासची जगात एकच साक्षीदार उरली, तीही हीच निघावी?

तिची ओळ खोडली. पुन्हा लिहायला घेतली, दोन ओळींवर अडलीय.

५ जानेवारी २००८
उद्या मेळावा, वर्ध्याहून सगळ्या केळझरला. म.ताईचे गुडघे गेलेत, ती खाली गाडीत बसणार. म्हणाली, "नारळ तूच फोड, नंदे." कां. आजच माहेरी आलीय. संध्याकाळी परत तिचा फोन. "उद्या संगंच जाऊ ताई. तो मुरगळलेला पाय बरा हाये नं आता?" हसली की काय, कळलं नाही.

नारळ आणलाय. दुकानदाराला चार काढायला लावून दाट शेंडीचा निवडला, आणि आणला तो तिच्या बापाच्या दुकानातून. शेंडीची कवड तिला द्यायची, की तिच्यासारखी वाटून टाकायची, काही ठरत नाही. ती अजून मलाच हवी आहे. देवाऱ्यातला बाळकृष्ण आज परत जरा सरकवून ठेवलाय.