एका 'ड'वरून

रविवार, ८ मार्च

प्रिय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार, पण लांबूनच. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. पोस्टमनला कसं करशील? आईची नवी कवळी छान बसली आहे. आता ती दोघांच्या वाटचं बोलते.

पत्राचं कारण कामाचं आहे. कवळी बसवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर एक जुना फोन दिसला. सिमकार्ड नाही, काचेला तडे, बॅटरी फुगून टम्म. दुपारच्या डुलकीतून उठायला त्यांनी तो ठेवलाय, कारण त्यात आपलं 'ऊठ की!' हे गजराचं ॲप आहे! तेही अगदी पहिलं, 'बंद करा'च्या जागी तुझ्या हातून 'बंड करा' पडलं होतं ते.

"सुधारलेलं मी मुद्दाम घेतलं नाही," बाई म्हणाल्या. "रोज बंड करते आणि मगच पुढच्याची दाढ उपटते."

मी इतकी हसले की आईने उघड्या तोंडानेच डोळे वटारले.

काय दिवस होते रे! जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तू कोड लिहायचास, दुसऱ्या टोकाला मी जांभया देणारं कासव रंगवायचे. ना पासवर्ड, ना जाहिराती. लोकांच्या तक्रारी थेट तुलाच यायच्या आणि तू दात घासता घासता उत्तरं द्यायचास. हल्ली तक्रार करायची तर आधी यंत्राशी हुज्जत घालावी लागते.

मग तू तो 'ड' सुधारलास. लोक म्हणाले राहू दे, मीही म्हणाले राहू दे. पण तू पडलास शुद्धलेखनाचा फौजदार! आपण दोघांनी घर डोक्यावर घेतलं, आणि तू बॅग भरून त्या मोठ्या कंपनीत निघून गेलास.

तर, बाईंना नव्या फोनवर चालेल असं 'ऊठ की!' हवंय. मी हो म्हणून बसले आहे. अक्षर तुला हवं ते ठेव, मी ब्रही काढणार नाही. हसू नकोस.

खरं सांगू? हे काम दुसरं कुणीही करून देईल. थोडी खटपट केली तर मलाही जमेल. मला ॲप नकोय, दादा, तू समोर बसलेला हवा आहेस. तुझ्या टोकाला कपड्यांचा ढीग साचला होता, तो आज सकाळी उचलला. इथे सगळे माझ्याशी फार समजुतीने वागतात आणि मला त्याचा अगदी वीट आलाय.

भांडायला फक्त तूच हवा असलेली,
तुझी धाकटी