दोन पेले आणि एक नळी

प्रिय झेबा,

तुझा मालेगावचा पत्ता तुझ्या भावाकडून, मुबीनकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते.

तू सातपूर सोडल्याला वर्ष होईल. तुझ्या खोल्यांत आता कारखान्यातली चार मुलं राहतात. सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे शेजार असून नसल्यासारखा. रविवारी सकाळी अजूनही चुकून दोघींचा चहा टाकते मी.

परवा कॉलनीतल्या पोरांना पुन्हा जमवलं. स्टुलावर बिटाच्या लाल पाण्याचा पेला, खाली रिकामा पेला, मधे सलाईनची नळी. नळीत हवा राहिली आणि पाणी काही उतरेना. तू असतीस तर नळी आधी पूर्ण बुडवून भरली असतीस, दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली असतीस. मला तिसऱ्यांदा जमलं. लाल पाणी सरसर खाली आलं, पण तोवर निम्मी पोरं खेळायला पळाली होती. तृप्तीनं विचारलं, "झेबामावशी कधी येणार?" मी पेले विसळायला आत निघून गेले.

हे सगळे प्रयोग तुझेच. पाणी नळीतून आधी वर चढून मग खाली कसं येतं, हे तूच मला शिकवलंस, तेही चारचारदा. शाळेच्या विज्ञान दिनाला प्रयोग तू केलेस, मी नुसती बोलले. मग स्मरणिका आली. तीत फक्त माझं नाव. तू पान मिटलंस आणि म्हणालीस, "माझं नावच तसं आहे गं, मोहिनी. सवय आहे मला." मी गप्प बसले. त्यानंतर तू एकाही रविवारी आली नाहीस, आणि चार महिन्यांनी घरच सोडलंस.

झेबा, शाळेनं तुझं नाव गाळलं नव्हतं. फॉर्म मी भरला होता. सादर करणाऱ्यांच्या नावांसाठी दोन ओळी होत्या, मी एकच भरली. माझं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं गं. एकदा ते एकटंच यावंसं वाटलं. काल मुख्याध्यापिका बाईंना जाऊन हे सांगून आले. पुढच्या अंकात त्या दुरुस्ती छापणार आहेत. पण वर्षाहून जास्त काळ तू जे मनात घेऊन बसलीस, ते माझ्या गप्प राहण्यामुळे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त ते तुझ्या नावामुळे झालं नव्हतं, एवढं तुला कळायला हवं.

तुझीच,
मोहिनी