चौथ्या गुरुवारचं कॉलेज

आप्पा, मुलीला घेऊन आज दोन कॉलेजं बघून आले. दोन्हीकडे आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला, प्रयोगशाळा उघडून दाखवल्या. मुलगी हरखली होती. मला कशाचंच काही वाटत नव्हतं, हल्ली तसंही फारसं वाटत नाही. निघताना मात्र गेटवरच्या वॉचमनकडे बघत राहिले, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, चल ना." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी आल्यावर लिहायला बसले.

तुम्हीही मला असंच फिरवलं होतं, दहावीच्या निकालानंतर. आपल्या चिंचवडकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून ओळीने चार गुरुवार. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालता, आई भाकरी बांधून देते आणि आपण बसने पुण्याला निघतो. पण कॉलेज बघायचं म्हणजे तुमच्या लेखी कॉलेजचं गेट बघायचं. आपलं रान कंपनीत गेलं, त्या बदल्यात तुम्हाला तिथेच वॉचमनची नोकरी मिळाली, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गेटला पास लागतो अशी तुमची खात्री झाली. मी आठ-नऊ वर्षांची असताना तुमचा डबा घेऊन आले होते. आपली विहीर अजून आहे का ते बघायला गेटच्या आत चार पावलं गेले, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "पास हाय का? न्हाई ना? मग भाईर हो." विहीर आपली आहे, असं मी म्हटलं. "व्हती," तुम्ही म्हणालात आणि डबा घेतलात.

तर कॉलेजची सगळी चौकशी तुम्ही वॉचमनकडे करायचात. "सायेब काय, आज हाय उद्या न्हाई. खरं काय ते गेटवरच्याला ठावं." तंबाखू मळत तास-तासभर गप्पा, आणि मी बाजूला उन्हात उभी. पहिल्या कॉलेजात वॉचमनला प्यायच्या पाण्याचा माठ नव्हता. "जे लोक त्याला पाणी देत न्हाईत, ते माझ्या पोरीला काय इद्या देणार?" ते बाद. दुसऱ्या ठिकाणचा खुर्चीत घोरत होता, तेही बाद. तिसऱ्या ठिकाणी कुणीही येत होतं, कुणीही जात होतं, कुणाला विचारपूस नाही. माझे मार्क किती, मला सायन्स हवंय, याची चर्चा या तीन गुरुवारांत कुठेच झाली नाही. प्रवेश संपत आले होते आणि मला भीती वाटत होती की आपण अशीच गेटं बघत राहणार आणि मी घरी बसणार.

चौथ्या ठिकाणी वॉचमनने आपल्याला अडवलं. कुठून आलात, काय काम, सगळं वहीत लिहून घेतलं. तुमचा चेहरा खुलला. "हितं घालायचं बघ पोरीला," तुम्ही मलाच सांगितलंत. तो आत सोडत होता तरी तुम्ही म्हणालात, "तू जा. मी हाय हितं."

प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता आणि खिडकी बारा वाजता बंद होणार होती. क्लार्क म्हणाला, वडिलांची सही समोर लागते, बोलवून आण. मी व्हरांड्यातून बघितलं. वॉचमन चहाला गेला होता आणि त्याच्या जागी तुम्ही उभे होतात, एका गृहस्थाला अडवून वहीत नाव लिहायला लावत होतात. गेट सोडून तुम्ही येणार नव्हतात, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मी हाकही मारली नाही. मला तुमचा राग आला होता, चार गुरुवारांचा. मी खिडकीशी परत गेले आणि म्हटलं, "वडील वारले."

क्लार्क एकदम मऊ झाला. पाणी पी म्हणाला. तुमच्या नावापुढे त्याने 'मयत' लिहिलं आणि आईचा अंगठा दोन दिवसांत आणायला सांगितलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही खुशीत होतात. मला ना बरं वाटलं ना वाईट.

बारावीच्या दिवाळीनंतर तुम्ही खरंच गेलात. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत संपलं. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरीनं मनाला लावून घेतलंय, बोलत न्हाई. मी मात्र तेरा दिवस एकाच विचारात होते, की रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं. कॉलेजच्या कागदांवर तुम्ही दीड वर्षापूर्वीच गेला होतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरात कुणाला दाखवायचं नाही, म्हणून पुढचं सांगते. मी अर्जात लिहिलं, ताप येत होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फार उतरलीस गं. घरी तुझं बघणारं कुणी आहे ना?"

मी म्हटलं, "हो. वडील आहेत."