आठवडाभर बांधलेलं सामान

बिश्केक, १९ मे

प्रिय मेदेरदादा,

मी मजेत आहे. आईने पाठवलेल्या कुरुताच्या, त्या खारट सुक्या दह्याच्या, गोळ्या ऑफिसातल्या एर्मेकने निम्म्याहून जास्त फस्त केल्या. वहिनीला नमस्कार, तुझ्या लेकीला, आयपेरीला, पापा.

परवा आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा मागून तू ओरडलास, "तिला म्हणावं, खिंड कधी मोकळी होते ते सांग. एकच तारीख सांग, गाडाभर नकोत!" किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. ओरडण्यात का होईना, बरं वाटलं.

तर ऐक. बर्फ कमी तशी खिंड लवकर मोकळी होते, पण हे सरळ रेषेत घडत नाही, त्याला वळण आहे. जुन्या नोंदींवरून मी बेझियन पद्धतीने, म्हणजे आधीचा अंदाज नोंदींनी सुधारत, ते वळण बसवलं. तारीख किती पुढेमागे होईल, तेही मांडावं लागतं. त्याला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो. बर्फ कमी तसं तेही कमी. मी ते सरळ रेषेत उतरवलं, तर यंदाच्या बर्फाला ते शून्याच्याही खाली गेलं. म्हणजे उणे चार दिवस पुढेमागे! गणित तिथेच अडलं. एर्मेक म्हणाला, "उणे आलं की नखाएवढा आकडा चिकटव आणि जेवायला चल."

नाही चिकटवला. तसं केलं की तुला हवी तशी एकच तारीख निघते, अगदी खात्रीची. मी विचलनाऐवजी त्याचा लॉगरिदम मांडला. तो खुशाल शून्याखाली जाऊ दे, उलटा फिरवला की विचलन धनच येतं. लहान होतं, पण शून्य होत नाही. या गणितासाठी मी कुणाशीही भांडेन.

उत्तर: ७ जून, आठवडाभर पुढेमागे.

हसू नकोस. बाबाही असंच सांगायचे, "शुक्रवारी निघू, पण सामान आठवडाभर बांधलेलंच राहू दे." फक्त एकदा ते असं म्हणाले नाहीत. त्या वर्षीही बर्फ इतकंच कमी होतं. "यंदा कसली वाट बघायची?" तू म्हणालास, मीही म्हणाले. बाबा हसले आणि खिंडीत पुढे झाले. वर ढग उतरले, आणि परत आपण फक्त त्यांची घोडी आणली.

तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. तुला वाटतं, मी तुला दोष देते. नाही देत रे. मला भीती वाटते, कारण यंदा आयपेरी पहिल्यांदाच स्वतःच्या घोड्यावर बसून खिंडीपलीकडच्या उन्हाळी कुरणावर, जायलूवर, निघणार आहे.

सहा तारखेला मी येतेय. खिंडीवर ढग उतरलेले असले, तर तंबूत बसून तुझ्या शिव्या खाईन. मोकळी असली, तर बाबांच्या घोडीवर सगळ्यांच्या पुढे मी असेन. तोवर सामान बांधून ठेव.

यंदा जिची वाट बघायची आहे, ती तुझी बहीण,
नुरझात