उभा करकोचा

दि. १९ जुलै

चि. ऋजुता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. क्षेमकुशलाआधी एका गंभीर विषयाकडे तुझं लक्ष वेधणं प्राप्त आहे. ईस्टरला तू येऊन गेल्यापासून या घरातली चहाची गाळणी बेपत्ता आहे. मी कोणावर आरोप करत नाही. इतकंच नमूद करतो की तेव्हा घरात माणसं दोन होती, आणि त्यांपैकी जो इथे उरला आहे तो सध्या हातरुमालातून चहा गाळतो. धर्मशास्त्रात चोरीचे प्रकार मोठ्या तपशिलाने सांगितले आहेत, पण बापाची गाळणी नेणारीला प्रायश्चित्त मला सापडलं नाही. असं कोणी करील हे ऋषींच्या मनातच आलं नसावं. या गावातल्या दुकानांत मासे धरायची जाळी हवी तेवढी मिळते. चहा धरायची मिळत नाही.

बाकी क्षेम. सरोवर शांत आहे. डास माझ्यावर नेहमीप्रमाणे प्रसन्न आहेत.

तू दोन प्रश्न विचारलेस. सप्टेंबरात, मनोमिन म्हणजे सरोवरातला रानतांदूळ झोडून झाला की आईच्या लोकांच्या रीतीने तुला नाव मिळणार, आणि नाव देणाऱ्या आजोबांनी कुळ विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बाबांना विचारून सांगते. (ते हसले असतील तर त्यांचं चुकलं नाही.) कुळ कळल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत, म्हणून तुझा पहिला प्रश्न, आईचं कुळ कोणतं. दुसरा, मी येणार का. पहिला प्रश्न अभ्यासाचा आहे, तेव्हा आधी तो.

खरं तर उत्तर एका शब्दात संपायला हवं होतं. आई जोझेत शार्लब्वा, आणि शार्लब्वा म्हणजे करकोच्याचं कुळ. सभेत आधी बोलणारे, इतरांनी ऐकून घ्यावं असं मानणारे लोक. ओदीलआजी, आईची आत्या, हे जन्मभर सांगत आली आहे आणि तिला मध्ये थांबवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, त्यामुळे कुळाबद्दल कोणाला शंका आली नाही. आईच्या थडग्यापाशी जी फळी उभी आहे, तिच्यावरचा करकोचाही आजीनेच उभं राहून कोरून घेतला. तुला आठवत असेल.

पण तू प्रश्न लेखी विचारलास. लेखी प्रश्नाला पुराव्याशिवाय उत्तर देणं आमच्या पाठशाळेत बसत नसे. मी कागद घेऊन पिढ्या मांडायला बसलो आणि पहिल्याच पायरीवर अडखळलो. कुळ बापाकडून येतं, आपल्या गोत्रासारखं. एका कुळात लग्न होत नाही, तेही गोत्रासारखंच. तुझ्या आईच्या आजोबांचा आजोबा म्हणावा असा सगळ्यांत वरचा शार्लब्वा म्हणजे एत्येन. तो क्वेबेकचा फ्रेंच, लोकरी टोपी घालून केसाळ कातडी वाहणाऱ्या होड्या वल्हवत इथे आलेला. त्याने इथल्या मूळ लोकांतली मार्गरीत केली. मार्गरीत करकोच्यांची असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांचा मुलगा इझिदोर करकोचा कसा झाला? बाप तर कुळाविनाच आला होता.

या महिन्याच्या सुरुवातीला परिषदेच्या निमित्ताने मॉन्ट्रियलला गेलो तेव्हा वाट वाकडी करून एत्येनच्या नदीकाठच्या गावी गेलो. तिथे जेर्मेन शार्लब्वा नावाच्या बाई आहेत. आडनावाची सगळी मंडळी त्यांच्या जिभेवर. वाटाण्याचं सूप पुढे ठेवून त्यांनी मला आधी पारखून घेतलं.

"तुम्ही शार्लब्वा दिसत नाही."

"जावई आहे."

"मग खा. एत्येन ना? तो नदीने वर गेला आणि बुडाला. त्याच्या नावाने इथे कितीतरी प्रार्थना झाल्या."

"बुडाला नाही हो, लग्न केलं. भरपूर मुलं झाली."

"तेच ते," बाई म्हणाल्या आणि आणखी सूप वाढलं. निघताना मात्र दारापर्यंत आल्या. "म्हणजे त्याला घरी कळवावंसं वाटलं नाही," इतकंच म्हणाल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर त्या खरोखर रुसल्या होत्या.

परत आल्यावर, गेल्या रविवारी, चर्चनंतर ओदीलआजीकडे गेलो. विचारायचं होतं म्हणून रीतीप्रमाणे तंबाखू पुढे ठेवला. क्लेमाँमामाही तिथेच होता, धुरावलेल्या माशाची हाडं काढत.

"दाजी आज तंबाखू घेऊन आलेत," तो म्हणाला. "आई, सांभाळ. परीक्षा दिसतेय."

"मला कोण नापास करतंय," आजी म्हणाली. "विचारा, जावईबापू."

इझिदोरच्या थडग्याचा तो फोटो तू लहानपणापासून पाहिलेला आहेस, येशूचं हृदय आणि क्लेमाँच्या हॉकी संघाच्या मधोमध टांगलेला. एका बाजूला क्रूस, एका बाजूला फळी. म्हातारा दोन्हीकडे जागा धरून गेला. फळीवर ते कोरलेलं जनावर. पावसाबर्फाने झिजून फक्त आकार उरलाय: खाली जाडसर अंग, वर लांब सरळ मान. करकोच्याचा सगळा पुरावा म्हणजे हा फोटो.

मी म्हटलं, "आत्याबाई, हा उभा का?"

"करकोचा आहे. उभाच राहणार. तुमच्याकडे करकोचे लोळतात?"

"पण माणूस गेला की त्याचं जनावर उलटं कोरतात ना? जोझेतच्या वेळी तुम्हीच कोरणाऱ्याला ओरडलात, पाय वर कर म्हणून."

क्लेमाँचे हात थांबले.  आजीने त्याला फोटो खाली काढायला लावला, मांडीवर घेतला आणि उलटा फिरवला. उलट्या फोटोत मान खाली गेली आणि अंगाला एकदम अर्थ आला. ती मान नव्हतीच.

"शेपूट," आजी म्हणाली.

वाबिझेशी. तुला ठाऊक आहे, पण माझ्या समाधानासाठी लिहितो: मुंगसाला खारीची शेपूट लावून झाडावर चढवलं की जे होईल ते. फळीवर त्याचं डोकं खाली आहे, जसं मेलेल्याचं असायला हवं, आणि झुपकेदार शेपूट आकाशाकडे. आखूड पाय झिजून गेले. इतकी वर्षं सगळं घर एका उलट्या वाबिझेशीला उभा करकोचा समजत आलं.

"बरोबर आहे," आजी हळूच म्हणाली. "बाप बाहेरचा असला की पोरांना वाबिझेशीवाले घेत. माझ्या आईचा बाप सांगायचा, त्यांच्यात जागा असते. मी ते दुसऱ्यांबद्दल समजत होते."

म्हणजे, ऋजुता, आपल्या शास्त्रात ज्याला आपलं गोत्र सांगता येत नाही त्याला काश्यप म्हणायची सोय आहे, तीच सोय या सरोवराकाठच्या लोकांनी स्वतंत्रपणे शोधली. मला इतका आनंद झाला की मी हे त्या दोघांना समजावून सांगू लागलो. क्लेमाँने माझ्यापुढे मासा सरकवला. माझं व्याख्यान थांबवायची त्याची ही जुनी पद्धत आहे.

"म्हणजे ऐंशी वर्षं मी उगीच बोलत राहिले?" आजीने विचारलं.

"बोलायला कुळ कशाला लागतं, आत्याबाई."

"मी अस्वल, बापाकडून," क्लेमाँ म्हणाला. "मला यात ओढू नका. पण आई, आता जरा कमी बोललीस तरी चालेल."

ती हसली नाही. फोटो अजून तिच्या मांडीवर उलटाच होता. "जोझेत गेली तीन वर्षं तिकडे, मेलेल्यांत, करकोच्यांच्या पंगतीत बसलीय," ती म्हणाली. "मी बसवली. तिला तिथे कोणी ऊठ म्हणालं नसेल. बडबडे असले तरी ते लोक कोणाला उठवत नाहीत. पण ती आपली माणसं शोधत असेल."

क्लेमाँने हात धुतले, बाहेर जाऊन देवदाराची एक फळी निवडली आणि दाराशी टेकवून ठेवली. सप्टेंबरच्या आत नवी फळी लागेल. कोरताना आजी स्वतः उभी राहणार आहे, आणि या वेळी पाय मोजून घेणार आहे. जुनी फळी काढायची नाही, ती आपली आपण झिजू द्यायची, असं ठरलं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. तुझ्या आईचं कुळ वाबिझेशी. आणि तुझंही तेच, दोन वाटांनी. आजोबांना आईचं चालत असेल तर ते. नाही, बापावरूनच, असं ते म्हणाले तरी बाप बाहेरचा आहे, म्हणजे इझिदोर ज्या दाराने आत आला त्याच दाराने तूही. हे मी आजीशी दोनदा पडताळून पाहिलं आहे. तुला अडवायला कोणाकडे काही उरलेलं नाही. निःशंक मनाने जा आणि उत्तर दे.

जाताना गरम कपडे ने, सप्टेंबरात तिथे पहाटे थंडी असते. मनोमिनचा एक डबा माझ्यासाठी ठेव, पण लाकडाच्या धुरावर भाजलेला, दुकानातला नको.

एक गोष्ट राहिली. मी आजीला विचारलं, एत्येन कुठे पुरलाय? मार्गरीत इझिदोरच्या शेजारी आहे, मुलं आहेत, सुना आहेत. आजी म्हणाली, माहीत नाही, कोणी सांगितलं नाही. क्वेबेकमध्ये तो बुडालेला आहे आणि इथे त्याला फळी नाही. तिच्यावर कोरणार तरी काय होते? मुलांना सगळं मिळालं, ते बरंच झालं. मी नुसतं विचारलं होतं.

आता दुसरा प्रश्न. कॉलेज सप्टेंबरात सुरू होतं, गाडीचं काम निघालं आहे, असं मी दोनदा लिहून खोडलं. दोन्ही खरं आहे आणि कारण दोन्ही नाही.

तिथे सगळे गोल बसतात. एकेक जण नाव सांगतो, कुळ सांगतो, गाव सांगतो, आणि पाळी पुढे सरकते. तीस वर्षं माझी पाळी आली की तुझी आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, "आणि हा माझ्याबरोबर आहे." लोक मान हलवायचे, पाळी पुढे जायची. मला कधी तोंड उघडावं लागलं नाही. ती गेल्यापासून मी अशा एकाही ठिकाणी गेलेलो नाही. तुला वाटलं असेल की मला दुःख आवरत नाही. तेही आहे.

पण मला भीती वाटते ती याची की तू तिथे तुझं नाव आणि तुझं कुळ सांगशील, मग पाळी माझ्यावर येईल, सगळे थांबतील, आणि मी कोणाचा आहे हे मला सांगता येणार नाही. तुझ्या दिवशी, तुझ्या शेजारी बसून. म्हणून अजून हो लिहिलेलं नाही.

तुझाच,
बाबा