मावशीनं काढलेला सिनेमा

प्रिय चिमे,

सगळ्यांत आधी आली ती प्राणिसंग्रहालयातली जनावरांची डॉक्टरीण. चपला काढता काढताच हसत होती. तिच्यामागून कॅमेरावाला, इतका उंच की चौकटीला डोकं आपटूनच आत आला. आणि मी नेमकी तुझ्याकडे न्यायच्या भांड्यांची बोचकी बांधत बसलेली. खुर्च्यासुद्धा दोरीनं बांधलेल्या. शेवटी दोघं गादीच्या वळकटीवर टेकली.

तुला ठाऊकच आहे, नोकरी संपल्यापासून तुझे आजोबा घुम्यासारखे बसून असतात. प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींचं जन्मभर केलं, आता मला कोण विचारतंय, म्हणतात. तू कायमचं राहायला बोलावलंस तेव्हा 'चला' म्हणाले खरे, पण दवाखान्यात भरती व्हायला निघाल्यासारखे.

तर गंमत ऐक. तिथं आता चिंपांझींच्याच हातात कॅमेरा दिलाय. जाड डब्यात बसवलेला, आपटा नाहीतर चावा. त्यांनी हवं ते टिपायचं आणि त्याचाच सिनेमा करायचा. कॅमेरावाल्यानं ते सगळं आम्हाला लॅपटॉपवर लावून दाखवलं. बाकीच्यांच्या नुसत्या जिभा आणि नाकपुड्या. एकानं तर सगळा वेळ स्वतःचा अंगठाच काढलाय. पण आजोबांची लाडकी मावशी, ती फाटक्या कानाची थोराड चिंपांझी, तिनं काय काढलंय गं. उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकतो आणि ही त्याच्या मागोमाग कॅमेरा नेते. हात म्हणून हलत नाही. मग आईच्या पोटाशी झोपलेलं पिल्लू, त्याची बोटं तेवढी जवळून. मी बघतच राहिले. तुझ्या लग्नातल्या फोटोवाल्यानं माझं डोकं कापलं होतं, आठवतं ना?

पुढं मावशीनं कॅमेरा फळीवर टेकवला आणि स्वतः समोर जाऊन उभी राहिली. डावी कंबर थोपटली, उजवी थोपटली, जाळीतून हात घालून कुलूप दोनदा ओढलं. दोन पावलं गेली, परत फिरली, पुन्हा ओढलं. डॉक्टरीण म्हणाली, "काका, ओळखा बघू." आजोबा चष्मा पुसून म्हणतात कसे, "कंबरेला खाज सुटलीय तिला. मलम लावा." मला हसू आवरेना. अहो, ते तुम्ही आहात, म्हटलं. किल्ल्यांसाठी दोन्ही खिसे चाचपणारं आणि कुलूप ओढायला अर्ध्या वाटेतून परत येणारं दुसरं कोण आहे? ते पुढं सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा बघताना त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला, मी पाहिलं.

डॉक्टरणीचं कामही होतं. मावशी कॅमेरा घेते, पण परत देत नाही. फळं दाखवा, गोड बोला, ढिम्म. काकांनी मागितला तर देईल, म्हणून अधूनमधून याल का, असं विचारत होती. आजोबांनी गुडघ्याचं रडगाणं लावलं. पण मंडळी वळतात न वळतात तोच मी घट्ट बांधलेलं बोचकं सोडून त्यांनी तळाचे जुने बूट काढले.

तेव्हा चिमे, एवढ्यासाठीच हा कागद खरडला, चुकलंमाकलं समजून घे. रविवारी टेम्पो आणू नकोस. तू आमच्यासाठी खोली रंगवलीस, पडदे शिवलेस, सगळं कळतं गं मला. रागावू नकोस. तू ये, पण चार दिवस राहायला ये, आम्हाला न्यायला नको. खुर्च्या मी सोडून ठेवल्यात. बुटांना पॉलिश होऊन ते दाराशी बसलेत. मीच फोन करून कळवलं, तर मंडळी मंगळवारी सकाळी येतो म्हणालीत, आजोबांना घेऊन जायला.

तुझीच,
भांडी पुन्हा फळीवर लावत बसलेली आजी