बाबांचा उरलेला शब्द

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (बाबांना उचलून-ठेवून कंबर धरली आहे, त्यामुळे जरा कमीच वाकलो आहे, सांभाळून घे.) तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. इथली चौकशी तू दर रविवारी फोनवर करतोसच, आणि फोनवर तुला "बेस्ट" असं उत्तर मिळतंच. मग तू मला म्हणतोस, "ऐकलंस ना? उगाच घाबरवतोस," आणि तुझं येणं पुढे ढकललं जातं. असं तीनदा झालं. म्हणून आज या शब्दाबद्दल सविस्तर लिहायला बसलो आहे. फोनवर मला हे जमणार नाही.

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बाबांचे सगळे शब्द गेले आणि हा एकटा राहिला, हे तुला ठाऊक आहे. पण त्यातली गंमत तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. ज्या माणसानं तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्या तपासल्या, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर खडूनं फुली मारली आणि न डुगडुगणारीलाही "चालेल" यापलीकडे काही म्हटलं नाही (तू वर्गात पहिला आलास तेव्हाही "चालेल"च, मी नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तकावर खरोखरीची फुली), त्याच्या डोक्यात हा शब्द कुठे दडून बसला होता कोण जाणे. कधी वापरलाच नाही म्हणून कोराकरकरीत राहिला असावा.

पहिले काही दिवस आम्ही सगळेच हुरळून गेलो. मी करपवलेल्या भाताला "बेस्ट". व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी हात पिरगाळला, "बेस्ट". आजवर त्यांना कुणी असं म्हटलं नसावं, कारण त्या दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जोमानं पिरगाळू लागल्या. न्हाव्यानं विचारलं, मिशी थोडी बारीक करू का? "बेस्ट". त्यानं केली. तेव्हा बाबा आणखी मोठ्यानं "बेस्ट, बेस्ट" म्हणाले, म्हणून त्यानं आणखी केली, आणि बाबांचा घसा बसेपर्यंत मिशीच शिल्लक राहिली नाही. "काका किती मोकळ्या मनाचे आहेत हो!" असं म्हणून तो गेला. मिशीशिवाय आपले बाबा कुणीतरी परके, जरा भित्रे गृहस्थ दिसतात. शेजारच्यांनी दारातून डोकावून विचारलं, आमचं चपलांचं कपाट तुमच्या दाराशी ठेवू का? (मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो.) ते कपाट अजून तिथेच आहे आणि मी रोज त्याला ठेचकाळतो.

मग बाबा पलंगावरून पडले. डॉक्टर आले. दुखतंय का? "बेस्ट". गुडघा दाबला, "बेस्ट". कंबर दाबली, "बेस्ट", फक्त आवाज चढला. डॉक्टर हसले, मीही हसलो. पुढचे तीन दिवस मी त्यांना काखेत धरून खोलीभर चालवलं आणि वर आळशीपणा करता म्हणून रागावलो. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. दादा, त्या तीन दिवसांतलं प्रत्येक पावलागणिकचं "बेस्ट" मला अजून ऐकू येतं. मला माझी लाज वाटते.

तेव्हापासून मी कान देऊन ऐकायला शिकलो. लांबवलेलं म्हणजे तहान. तुटक म्हणजे कूस बदल. लागोपाठ दोनदा म्हणजे आता उशीर झाला, चादर बदल. आणि अगदी हळू, दाराकडे बघत म्हटलेलं म्हणजे तू. तू फोनवर विचारतोस, "बाबा, मी येऊ, का सगळं ठीक आहे?" एका दमात दोन प्रश्न. बाबांकडे उत्तर एकच. त्यांनी ते पहिल्या प्रश्नाला दिलेलं असतं आणि तू ते दुसऱ्याला लावून घेतोस. तुझी सोय होते, मी समजू शकतो. पण ते दिवसभर दाराकडे बघत राहायचे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले आहेत. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण हात वळेना, म्हणून मिशीचं लिहीत बसलो. पत्र कुरियरनं पाठवतो आहे, उद्या मिळेल.

आणखी एक ता. क. वर तुला सोयीवरून बोललो, तो मला अधिकार नाही. गेले तीन आठवडे बाबा तो शब्दही बोलत नाहीत. रविवारी तू ऐकतोस तो मी असतो, त्यांचा आवाज काढून. पहिल्यांदा तू तिकडे "बाबा, बाबा" करत होतास आणि इकडे ते नुसते ओठ हलवत होते, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या वेळी मात्र घरात तो शब्द पुन्हा ऐकू यावा म्हणून मुद्दाम काढला. तुझं येणं आधी दोनदा लांबलं ते त्यांच्या "बेस्ट"मुळे, तिसऱ्यांदा लांबलं ते माझ्या "बेस्ट"मुळे. तू ओळखलं नाहीस. गेल्या रविवारी तर म्हणालास, बाबांचा आवाज किती सुधारलाय. तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या रविवारी मी फोन उचलणार नाही. त्याआधी ये.